‘आवडत नसेल तर चालते व्हा’: देशभक्तीचा टी-शर्ट रेसिस्ट असू शकतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका गोदामात लेबर-हायर (कामगार भाड्याने पुरवणाऱ्या) एजन्सीमार्फत कॅज्युअल, म्हणजे कामाची हमी नसलेला कामगार म्हणून काम करता. तुमचा लीडिंग हँड, म्हणजे टीमचा मुकादम, दर शुक्रवारी एक बिनबाह्यांचा शर्ट घालून येतो. छातीवर ऑस्ट्रेलियाचा झेंडा आणि त्याखाली ‘आवडत नसेल तर चालते व्हा’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. काम चालू असताना वर हाय-व्हिज (चमकदार सुरक्षा जाकीट) असतं, स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, ते निघालं की वाक्य समोर येतं. माणूस एरवी बरा आहे. तुमच्या गाडीची बॅटरी बसली तेव्हा जंप-स्टार्ट त्यानेच करून दिला. तरी तो शर्ट दिसला की तुम्हाला घास गोड लागत नाही. बायको म्हणते दुर्लक्ष करा, मित्र म्हणतो तक्रार ठोका. आणि तुमचा प्रश्न: देशप्रेमाची घोषणा रेसिस्ट असू शकते का, की मीच हळवा झालोय?

मी कामाच्या ठिकाणच्या तक्रारींची चौकशी करते. आधी कंपन्यांच्या एचआरमध्ये होते, आता बाहेरून, स्वतंत्रपणे. कपड्यांवरच्या मजकुराच्या तक्रारी माझ्याकडे अधूनमधून येतात आणि त्या दिसतात त्यापेक्षा चिवट असतात. शिवी दिली तर साक्षीदार असतो, मारलं तर कॅमेरा असतो. इथे माणूस तोंडातून एक अक्षर काढत नाही आणि तरी दिवसभर काहीतरी म्हणत राहतो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत अडकलेत. एक, तो शर्ट रेसिस्ट आहे का. दुसरा, तुम्ही त्याबद्दल काय करू शकता. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येणार नाही असं तुम्ही धरून चाललाय. माझं सगळं म्हणणं त्याच्या उलट आहे, पण त्याकडे येण्याआधी पहिला प्रश्न नीट सोडवू, कारण तो महत्त्वाचा आहेच.

आधी हेही सांगते की बरंच काही मला माहीत नाही अशा गोष्टींवर अवलंबून आहे. तो शर्ट कधीपासून दिसू लागला, त्याआधी गोदामात काही घडलं होतं का, स्मोकोच्या टेबलावर कोण कोण असतं, तो तुमच्याशी आणि गोऱ्या कॅज्युअल मुलांशी सारखाच वागतो का, तुमचा व्हिसा कोणता. या उत्तरांनी माझं मत इकडचं तिकडे होऊ शकतं.

आता पहिला प्रश्न. देशभक्तीची घोषणा वंशद्वेषी असू शकते का? असू शकते, आणि त्यासाठी तिच्यात वंशाचा उल्लेख असावा लागत नाही. इथलंच उदाहरण घ्या. सिडनीहून निघणाऱ्या ‘द बुलेटिन’ या गाजलेल्या साप्ताहिकाच्या मथळ्याखाली सुरुवातीला ब्रीद होतं, ‘ऑस्ट्रेलिया ऑस्ट्रेलियनांसाठी’. वाचायला निव्वळ स्वदेशप्रेम. पुढे त्याचं ‘ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी’ झालं आणि ते १९६०च्या सुमारास संपादक डोनाल्ड हॉर्न यांनी काढेपर्यंत तसंच छापलं जात होतं. पहिल्या ब्रीदातले ‘ऑस्ट्रेलियन’ कोण, हे दुसऱ्याने उघड केलं. त्या काळच्या वाचकाला ते उघड करून सांगायची गरजही नसावी. १९०१मध्ये संघराज्य झाल्या झाल्या नव्या संसदेने जे पहिले कायदे केले, त्यात इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन अ‍ॅक्ट होता. त्यातही वंशाचं नाव घेतलेलं नव्हतं. अधिकाऱ्याने निवडलेल्या कुठल्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखन घ्यायचं आणि नको असलेल्या माणसाला नापास करायचं, एवढीच युक्ती. गोऱ्यांखेरीज इतरांना बाहेर ठेवणाऱ्या या व्हाइट ऑस्ट्रेलिया धोरणाचे शेवटचे अवशेष १९७३मध्ये गेले. तेव्हा ‘त्यात रंगाचा शब्द कुठे आहे दाखव’ हा युक्तिवाद या देशात तरी फार जुना आणि फार वापरून झालेला आहे.

कपड्यांवरच्या मजकुराचं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं उदाहरण म्हणजे ११ डिसेंबर २००५ची क्रोनुला दंगल. सिडनीच्या त्या किनाऱ्यावर सुमारे ५,००० लोक जमले, कित्येकांच्या खांद्यावर झेंडे होते, आणि शर्टांवर व उघड्या अंगांवर एक वाक्य लिहिलेलं होतं: आम्ही इथे वाढलो, तुम्ही इथे उडून आलात. राग लेबनीज मुलांवर होता. त्यातली अनेक मुलं सिडनीतच जन्मलेली, कुठूनही उडून न आलेली. म्हणजे ‘तुम्ही’ कोण, हे जन्मदाखल्यावरून ठरलं नव्हतं, चेहऱ्यावरून ठरलं होतं. माझ्या लेखी रेषा इथे ओलांडली जाते. ‘मला माझा देश आवडतो’ हे वाक्य बोलणाऱ्याबद्दल आहे. त्यात दुसरा कोणी नाहीच, मग त्याचा अपमान कसा होणार? ज्या वाक्यात समोरच्याला काही सांगितलेलं आहे, तिथे लगेच विचारायचं की हा समोरचा कोण आणि तो कशावरून ओळखला जातोय.

या कसोटीवर तुमच्या लीडिंग हँडचा शर्ट ठेवून बघू. वाक्यात ऐकणारा आहे, आणि त्याला जायला सांगितलंय. पण तो ऐकणारा वंशावरून ठरलाय का? इथे मी घाई करणार नाही. या घोषणेचा इतिहास बघितला तर ती स्थलांतरितांसाठी जन्मलेलीच नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत ‘अमेरिका: प्रेम करा नाहीतर निघा’ अशी स्टिकरं गाड्यांवर होती. ती युद्धाला विरोध करणाऱ्या पोरांना उद्देशून होती, आणि त्यातली बरीचशी पोरं स्टिकर लावणाऱ्यांच्याच रंगाची होती. ब्राझीलमध्ये १९७०च्या आसपास लष्करी राजवटीने हुबेहूब हीच घोषणा आपल्याच नागरिकांना ऐकवली. राजवट नकोशी झालेल्यांना, आणि त्यातले अनेक खरोखर परागंदा झाले. म्हणजे ही घोषणा मुळात हुकमत गाजवणारी आहे: देश माझा, तू इथे राहतोस तो माझ्या मर्जीने. त्या हुकमतीचं टोक कोणाकडे वळवलंय, यावर ती नुसती राजकीय अरेरावी ठरते की वंशद्वेष, हे ठरतं.

ऑस्ट्रेलियात गेली वीस-पंचवीस वर्षं ते टोक बव्हंशी कोणाकडे आहे, यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर २०१४मध्ये वूलवर्थ्‌स या सुपरमार्केट साखळीच्या दुकानात झेंडा आणि जवळजवळ हेच वाक्य छापलेली बनियनं विकायला आली. केर्न्समधल्या एका दुकानातला फोटो ट्विटरवर फिरला आणि कंपनीने माल मागे घेतला. त्याच वर्षी जानेवारीत आल्डी या दुसऱ्या साखळीने ‘ऑस्ट्रेलिया, स्थापना १७८८’ असे शर्ट काढून मागे घेतले होते. आल्डीची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि दोन्हींना एका माळेत ओवणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्या शर्टात कोणाला हाकललेलं नव्हतं. ज्या भूमीवर माणसं ६०,००० वर्षांहून अधिक काळ राहत आली, तिची ‘स्थापना’ ब्रिटिश वसाहतीचे पहिले गव्हर्नर फिलिप उतरले त्या वर्षी झाली म्हणणं हा मूळ रहिवाशांना पुसून टाकण्याचा प्रकार, पण तो अज्ञानातून झाला असं मी मानू शकते. चालते व्हा म्हणण्यात अज्ञानाला जागा नाही.

त्यात ३१ ऑगस्ट २०२५ची भर पडली. ‘मार्च फॉर ऑस्ट्रेलिया’ नावाने मोठ्या शहरांत स्थलांतराविरुद्ध मोर्चे निघाले, सगळीकडे झेंडेच झेंडे, आणि त्यांच्या प्रचारपत्रकात नाव घेऊन उल्लेख होता तो भारतीयांचा. २०२१च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडनंतर दुसरा क्रमांक भारताचा लागला, तेव्हापासून आपण नजरेत भरायला लागलोच होतो. हे घडून गेल्यावर झेंड्याखाली ‘चालते व्हा’ वाचून एखाद्या भारतीयाला ते आपल्यालाच म्हटलंय असं वाटलं, तर त्याला हळवा म्हणण्याची माझी तयारी नाही. बातम्या वाचणाऱ्या कोणालाही वाटेल तेच त्याला वाटलंय.

पण म्हणून झेंडा दिसला की ‘रेसिस्ट’ म्हणत सुटलो तर आपलंच नुकसान आहे. जुलै २०२५मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळेत संस्कृती-दिनाला एक मुलगी ब्रिटनच्या झेंड्याचा फ्रॉक घालून आली, तिला कार्यक्रमातून बाजूला बसवलं, आणि मग शाळेला जाहीर माफी मागावी लागली. माफी योग्यच होती. त्या फ्रॉकमध्ये कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. अशी प्रत्येक चूक पुढच्या खऱ्या तक्रारीचं वजन कमी करते, कारण तक्रार ऐकणाऱ्या मॅनेजरच्या डोक्यात तोच फ्रॉक असतो.

मी चौकशी कशी करते याचा सर्वांत जवळचा नमुना अमेरिकेतला आहे. तिथल्या टपाल खात्यात एक सहकारी ‘माझ्यावर पाय देऊ नका’ अशी घोषणा आणि वेटोळं घातलेला साप असलेल्या गॅड्सडेन झेंड्याची टोपी घालायचा. एका कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याने तक्रार केली. झेंडा १७७५चा, स्वातंत्र्ययुद्धातला. रोजगारातल्या भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या ईईओसी या सरकारी आयोगाने २०१६मध्ये जे म्हटलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं: या झेंड्याचा उगम वांशिक नाही, पण अलीकडे काही प्रसंगी त्याला वांशिक छटा चिकटल्या आहेत, तेव्हा तक्रार दारातूनच परत पाठवू नका, या ठिकाणी हा माणूस ती टोपी कशी वापरत होता ते तपासा. झेंडा रेसिस्ट आहे असा निकाल आयोगाने दिला नव्हता. वर्तमानपत्रांनी मात्र तसाच गवगवा केला.

तपासायचं म्हणजे काय, तर मला सर्वांत जास्त शिकवते ती वेळ. एका ठिकाणी असाच शर्ट वर्षानुवर्षं कोणाला टोचला नव्हता. मग रात्रपाळीला पॅसिफिक बेटांवरची मुलं नव्याने भरती झाली आणि त्याच आठवड्यात एकाच्या अंगावर होता तो शर्ट चौघांच्या अंगावर दिसू लागला. कापड तेच, छपाई तीच. त्या चौघांना मी वेगवेगळं बोलावून एवढंच विचारलं, की शर्ट कधी घेतला. पुढचं फार विचारावं लागलं नाही. उलट दुसरीकडे, शर्ट घालणाऱ्याने तो २६ जानेवारीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया डेच्या, कुठल्याशा सेलमध्ये घेतला होता, त्यावर काय लिहिलंय हे त्याने धड वाचलंही नव्हतं, आणि कोणीतरी सांगितल्यावर तो अक्षरशः लाल झाला आणि नंतर तो शर्ट कोणाला दिसला नाही.

शर्टासोबत आणखी काय येतं, हेही बघावं लागतं. चेष्टेने ठेवलेली टोपणनावं, कोणाच्या डब्याच्या वासावरची शेरेबाजी, जेवायला बसताना आपोआप पडलेले गट. एकटा शर्ट बहुधा संशयाचा फायदा मिळवून जातो. शर्ट आणि या बाकीच्या गोष्टी एकत्र आल्या की चित्र पालटतं.

घालणाऱ्याचा हेतू शोधायला जाऊ नका, असं मात्र मी सांगेन. एक तर तो सापडत नाही, आणि सापडला तरी अपेक्षेपेक्षा वेगळा निघतो. ‘आवडत नसेल तर जा’ हे सर्वांत ठसक्यात म्हणणारी काही माणसं मला ग्रीक आणि इटालियन स्थलांतरितांची मुलं भेटली आहेत, ज्यांच्या वडिलांना शाळेत ‘वॉग’ म्हणून हिणवलं जायचं. आपली शिडी चढून झाली की ती वर ओढून घेणारे आपल्यातही आहेत. वीस वर्षांपूर्वी आलेले आणि आता नव्या विद्यार्थ्यांना नावं ठेवणारे देशी काका तुम्हालाही माहीत असतील. आणि आपण मराठी माणसांनी तर या विषयावर फार साळसूदपणे बोलू नये. १९६०च्या दशकात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ गाजत होतं, तेव्हा ते म्हणणाऱ्यांनाही आपण फक्त महाराष्ट्रावर प्रेम करतोय असंच वाटत होतं. ज्यांच्या हॉटेलांवर दगड पडले त्यांना काय वाटत होतं, हे आता परदेशात राहून आपल्याला जरा जास्त चांगलं कळायला हवं.

तर पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. नुसता झेंडा किंवा अभिमानाची घोषणा, नाही. ‘चालते व्हा’ हे वाक्य स्वतःहून फक्त उद्दाम आहे, आजच्या ऑस्ट्रेलियात त्यावर वांशिक सावली दाट आहे, आणि तुमच्या गोदामात ते वंशद्वेषी आहे की नाही हे आजूबाजूच्या गोष्टी ठरवतील.

कायद्याबद्दल थोडं, कारण मित्राने ‘१८सी लाव’ असं सुचवल्याचं तुम्ही लिहिलंय. १९७५च्या रेशियल डिस्क्रिमिनेशन अ‍ॅक्टमध्ये १९९५ला आलेलं कलम १८सी असं आहे की वंश, रंग, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ या कारणाने एखाद्याला दुखावणं, अपमानित करणं, मानहानी करणं किंवा धाक दाखवणं अशी कृती खाजगीत नव्हे तर सार्वजनिकरीत्या केली तर ती बेकायदा. गुन्हा नाही, दिवाणी बाब. आधी मानवी हक्क आयोगात समेटाचा प्रयत्न, तो फसला तर फेडरल कोर्ट. न्यायालयं किरकोळ टोमण्यांना यात धरत नाहीत. परिणाम गंभीर हवा, आणि तोही त्या समाजातल्या समजूतदार माणसाच्या नजरेतून मोजला जातो, सर्वांत हळव्या माणसाच्या नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये याच कलमाखाली फेडरल कोर्टाने सिनेटर पॉलीन हॅन्सन यांच्याविरुद्ध निकाल दिला. २०२२मध्ये त्यांनी सिनेटर मेहरीन फारुकी यांना ट्विटरवर पाकिस्तानात परत जायला, तेही शिवराळ भाषेत, सांगितलं होतं. हॅन्सन यांनी निकालाविरुद्ध अपील केलं. तुमच्या उपयोगाचा भाग असा की तिथे एका ठरावीक बाईला, तिच्या मूळ देशाचं नाव घेऊन, सगळ्या जगासमोर सांगितलं होतं. तुमच्या बाबतीत नाव नाही, देश नाही, आणि गोदामाची स्मोको-रूम ‘सार्वजनिक’ धरायची का, इथेच वकील पहिला आठवडा खातील. १८सी तुमचं हत्यार नाही. निदान या शर्टापुरतं तरी नाही.

तुमच्या उपयोगाचे कायदे रटाळ आहेत, आणि म्हणूनच बरे. तुमच्या व्हिक्टोरिया राज्यात कामाच्या जागेच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर आहे आणि तिच्यात मानसिक आरोग्यही येतं. नोकरीतल्या हक्कांबद्दलच्या फेअर वर्क अ‍ॅक्टखाली वारंवार होणाऱ्या अवाजवी वागणुकीला, जिच्यामुळे आरोग्याला धोका पोचतो, बुलिंग म्हणतात. आणि सर्वांत साधी गोष्ट, खाजगी मालक कामावर काय घालायचं याचा नियम करू शकतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनात्मक हमी इथे कर्मचाऱ्याच्या टी-शर्टाला मिळत नाही. अडचण येते ती मालकाने एकच घोषणा वेचून बंद केली तर. राजकीय मताला इथे संरक्षण आहे, मग तो माणूस म्हणेल, माझ्या मतावर गदा आली. म्हणून मी कंपन्यांना नेहमी सरसकट नियम सुचवते: कामावर मजकूर किंवा घोषणा असलेले कपडे नकोत, कोणाच्याही बाजूचे. असा नियम झाला तर तुमच्या कपाटातली घोषणा छापलेली टीम इंडियाची जर्सीही घरी राहील, याची तयारी ठेवा.

आता मला ज्या गोष्टीवर खरं बोलायचं होतं ती. तुमच्या प्रश्नात तुम्ही जाता जाता लिहिलंय की तो माणूस लीडिंग हँड आहे. माझ्या मते सगळा मामला तिथे आहे. तोच शर्ट तुमच्या बरोबरीच्या पिकरने (माल उचलणाऱ्या कामगाराने) घातला असता तर मी तुमच्या पत्नीच्या बाजूने झुकले असते. पण हा माणूस पुढच्या आठवड्याच्या शिफ्टसाठी नावं सुचवतो. तुम्ही कॅज्युअल, लेबर-हायरचे. एजन्सीचा फोन सोमवारी आला नाही की काम संपलं, आणि त्याचं कारण कोणी विचारत नाही. ज्याच्या हातात तुमचं येणं-जाणं आहे त्याच्या छातीवर ‘चालते व्हा’ लिहिलेलं असणं आणि कुठल्याशा अनोळखी माणसाच्या छातीवर असणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा फरक सांगायला तुम्हाला वंशाचा मुद्दा सिद्ध करावा लागत नाही, त्याच्या मनात डोकवावं लागत नाही, झेंड्याला हात लावावा लागत नाही. वरिष्ठाने आपल्या हाताखालच्या मिश्र टीमसमोर असं वाक्य मिरवू नये, एवढंच म्हणणं पुरतं. आणि ते कुठल्याही बऱ्या मॅनेजरला दोन मिनिटांत पटतं.

म्हणूनच तक्रार लिहिली तर पहिल्या खेपेला तिच्यात ‘रेसिस्ट’ हा शब्द घालू नका असा माझा सल्ला आहे. यावर माझ्या व्यवसायातल्या काहींचं माझ्याशी पटत नाही. त्यांना हा भित्रेपणा वाटतो. पण मी पुन्हा पुन्हा बघितलंय की तो शब्द आला की चौकशी शर्ट सोडून माणसाकडे वळते. तो रेसिस्ट आहे की नाही, त्याची मेव्हणी फिलिपिनो आहे, त्याने तुमची गाडी सुरू करून दिली होती. सगळे त्याच्या चारित्र्याचे दाखले देत बसतात आणि शर्ट तसाच राहतो. त्यापेक्षा काय लिहिलंय ते जसंच्या तसं, कोणत्या तारखांना दिसलं, तेव्हा कोण हजर होतं, तो तुमच्या शिफ्ट ठरवतो ही वस्तुस्थिती, आणि तुम्हाला काय हवंय. शेवटची गोष्ट लोक विसरतात. माफी हवी, नियम हवा की शिफ्ट बदलून हवी, हे एका वाक्यात लिहा. याला एक अपवाद आहे: तो तुम्हाला किंवा कोणाला तोंडाने ‘परत जा’, ‘तुमच्या देशात’ वगैरे बोलला असेल, तर ते शब्द अवतरणात लिहा आणि मग वंशाचा मुद्दा बिनदिक्कत मांडा. वर सांगितलेल्या अमेरिकी आयोगाने ‘आलास तिथे परत जा’ हे छळाचं उदाहरण म्हणून आपल्या मार्गदर्शनातच दिलं होतं. इथल्या चौकशीतही मी ते वाक्य तसंच मोजते.

तक्रारीआधी त्याच्याशी बोलावं का? माणूस तुम्ही म्हणता तसा असेल तर एकदा बोलून बघायला माझी हरकत नाही, फक्त चारचौघांत नको आणि स्मोकोच्या टेबलावर तर नकोच. ‘हा शर्ट बघितला की मला वाटतं तू मला जा म्हणतोयस. तसं म्हणायचंय का तुला?’ एवढंच. मग गप्प बसा. तो ओशाळला तर काम झालं. तो चिडला आणि सोमवारपासून रोज तोच शर्ट घालायला लागला, तर आता त्याला परिणाम माहीत असूनही तो करतोय, आणि तुमच्या तक्रारीला पाया मिळाला. पण सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर तिसरंच आहे, आणि ते अगदी प्रेमाने, पाठीवर थाप मारून येतं: ‘अरे, तुझ्याबद्दल नाही! तू कष्टाळू आहेस. ते बाकीचे जे येतात ना, त्यांच्याबद्दल आहे.’ ऐकून हायसं वाटतं, कारण आपण सुटलो. मला विचाराल तर याच उत्तराने शर्ट कोणासाठी आहे ते सांगून टाकलं. तुम्हाला वैयक्तिक सूट मिळाली, नियम तसाच राहिला. तिथे भांडायची गरज नाही, पण ते वाक्य घरी जाऊन लिहून ठेवा.

लेबर-हायर असल्यामुळे एक व्यावहारिक गोष्ट. तक्रार एजन्सीला आणि गोदामाच्या कंपनीला, दोघांनाही एकाच ईमेलने करा. एकालाच केली तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सुरक्षिततेची जबाबदारी दोघांवरही आहे. तक्रार केल्यामुळे तुमच्या शिफ्ट थांबल्या तर ती फेअर वर्क अ‍ॅक्टखाली बेकायदा सूडाची कारवाई ठरू शकते, आणि कामावरून काढलं गेलं असेल तर फेअर वर्क कमिशनकडे अर्ज करायला २१ दिवसांची मुदत असते. ही मुदत लोक दुःखात आणि चर्चेत घालवतात. युनियन असेल तर तिच्या प्रतिनिधीला तक्रारीच्या आधी सांगा, नंतर नको.

आणि पत्नीच्या सल्ल्याबद्दल. ‘दुर्लक्ष करा’ म्हणणाऱ्यांना कमी लेखायची फॅशन आहे, मी ते करणार नाही. व्हिसा अडकलेला असताना, कायमची नोकरी दोन महिन्यांवर आलेली असताना गप्प राहून नंतर बोलणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या परिस्थितीत ते बरोबर होतं. कागदोपत्री संरक्षण असणं आणि प्रत्यक्षात कॅज्युअलला पुढची शिफ्ट मिळणं यातलं अंतर तुम्हाला रोज दिसतं, मला फक्त फायलीत दिसतं. गप्प राहायचं ठरवलंत तरी तारखा मात्र आजपासून लिहायला लागा, स्वतःच्या वहीत किंवा स्वतःच्या फोनवर, कंपनीच्या ईमेलवर नाही. त्याचा चोरून फोटो काढू नका. बऱ्याच गोदामांत फोनला बंदी असते आणि मग तुमच्याच विरुद्ध कागद तयार होतो. शर्टाचा रंग, झेंडा कुठे, वाक्य काय, कोण शेजारी बसलं होतं, एवढं शब्दांत लिहिलेलं चौकशीला पुरतं.